मोशेच्या पांच पुस्तकांचें कर्तृत्व

मुंबईस मांडवी भागांत इ. स. १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर यांनीं बेने इस्राएल लोकांचें शहरांतील पहिलें प्रार्थनामंदिर बांधविलें. कोंकणांत शनिवार तेली या नांवानें ओळखला जाणारा हा समाज आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. अशा मंदिरांत एका पेटींत कातड्यावर हातानें लिहिलेली लांब गुंडाळी ठेवलेली असते. तिला सेफर तोरा म्हणतात. दर शनिवारीं तिचा ठराविक भाग मोठ्यानें वाचतात व वर्षाअखेर ग्रंथ संपूर्ण होतो. तींत पांच पुस्तकें असतात. मराठी भाषांतरांत त्यांचीं नांवें उत्पत्ति, निर्गम, लेवीय, गणना व अनुवाद अशीं आहेत. (शेवटच्या नांवाचा अर्थ भाषांतर असा न घेतां, सांगितलेलें पुन्हा सांगणें या जुन्या अर्थानें घ्यावा.) नक्कल करण्याचे नियम असे कडक कीं, एक अक्षर गळालें किंवा जास्त पडलें तरी तें सुधारल्यावांचून गुंडाळी वाचनास चालत नाहीं. अक्षरांची एकंदर संख्या ३,०४,८०५ ही देखील मोजून ठेवलेली आहे. असें असून हा ग्रंथ मूळ लिहिला कोणीं, या प्रश्नावर युरोपांतील पंडितांत तीनशेंहून अधिक वर्षें वाद चालत आला आहे, व तो अद्याप मिटलेला नाहीं. त्या वादाची हकीकत व त्यावरील आमचें मत प्रस्तुत लेखांत द्यावयाचें आहे.

अस्सल कागद आधीं, मत मागाहून, हा नियम पाळण्याची आम्हां मंडळींस संवय आहे. येथें तो नियम लावूं गेल्यास पहिल्याच पावलास अडचण येते. हिब्रू भाषेंतील संपूर्ण व कालनिर्देश असलेली सर्वांत जुनी पोथी लेनिनग्राडची म्हणून प्रसिद्ध आहे, ती इ. स. १००८ च्या सुमाराची होय. अलेप्पोची पोथी तिच्याहून सुमारें पाऊणशें वर्षांनीं जुनी. परंतु १९४७ सालच्या दंग्यांत तेथील प्रार्थनामंदिर जळालें, पोथीचीं पुष्कळ पानें नाहींशीं झालीं, व त्यांत या पांच पुस्तकांचा बहुतेक भाग गेला. त्याच वर्षीं मृतसमुद्राच्या कांठीं कुमरान येथील गुहांतून कातड्याच्या गुंडाळ्या निघूं लागल्या व पुरावा एकदम हजार वर्षें मागें सरला. तरी त्यांतील अत्यंत जुने तुकडेही इ. स. पू. तिसऱ्या शतकापलीकडे जात नाहींत. मोशेचा काळ परंपरेनें धरला तर तो इ. स. पू. पंधराव्या ते तेराव्या शतकांत कोठें तरी पडतो. मधल्या हजार वर्षांची या ग्रंथाची एकही प्रत कोणाच्या हातीं नाहीं. म्हणून हा वाद बहुतेक सगळा अंतरंगपरीक्षेवर लढला गेला. पोथी नसतां केवळ मजकुरावरून कर्ता, काळ व घडण ठरवितां येते काय, आणि येत असल्यास कोठपर्यंत, हाच आमच्या दृष्टीनें खरा प्रश्न आहे.

प्रथम ग्रंथ स्वतःविषयीं काय म्हणतो तें पाहूं. मोशेनें अमुक गोष्ट लिहून ठेविली असे उल्लेख त्यांत थोडे आहेत: अमालेकाशीं झालेल्या युद्धाची आठवण, कराराचे शब्द, रानांतील मुक्कामांची यादी, आणि अनुवादाच्या ३१ व्या अध्यायांत "हें नियमशास्त्र". पांचही पुस्तकें मोशेनें लिहिलीं असें विधान त्यांत कोठेंही नाहीं. कथाभागांत मोशेचा निर्देश सर्वत्र तृतीय पुरुषीं आहे, आणि अखेरच्या अध्यायांत त्याचा मृत्यु, त्याचें दफन व त्याची कबर आजवर कोणास ठाऊक नाहीं हेंही सांगितलें आहे. तालमुदांतील शास्त्र्यांस ही अडचण दिसली होती. शेवटचीं आठ वचनें यहोशवानें लिहिलीं असें एक मत तेथें नमूद आहे. तींही देवानें सांगितलीं व मोशेनें रडत रडत लिहिलीं, असें दुसरें.

आठ वचनांवर जें थांबलें होतें तें बाराव्या शतकांत पुढें गेलें. स्पेनमध्यें जन्मलेला अब्राहाम इब्न एज्रा हा व्याकरणांत निष्णात, कवि व ज्योतिषी. अनुवादाच्या आरंभावरील टीकेंत त्यानें कांहीं वचनें नुसतीं एकापुढें एक मांडलीं आणि यांतील मर्म ज्यास समजेल त्यास सत्य कळेल, एवढेंच सूचित केलें. तीं वचनें पाहण्यासारखीं आहेत. अब्राहाम देशांतून गेला "तेव्हां" तेथें कनानी लोक होते, असें उत्पत्तींत आहे. म्हणजे लिहिणाराच्या वेळीं ते तेथें उरले नव्हते, आणि मोशेच्या वेळीं तर ते होतेच. बाशानचा राजा ओग याचा लोखंडी पलंग राब्बा नगरांत पाहावयास मिळतो, असें अनुवादांत सांगितलें आहे. ज्या राजास मोशेनें नुकतेंच जिंकलें त्याच्या पलंगाचा दाखला जुन्या वस्तूसारखा कोण देईल? मृत्यूच्या अध्यायाचीं बाराही वचनें त्यानें याच यादींत बसविलीं. अन्यत्र, हें ज्याला कळेल त्यानें गप्प बसावें, असाही त्याचा इशारा आहे.

हाच इब्न एज्रा दुसऱ्यानें तेंच उघड बोललें तेव्हां मात्र खवळला. उत्पत्तीच्या ३६ व्या अध्यायांत एदोमच्या राजांची यादी आहे, व इस्राएलावर कोणी राजा होण्यापूर्वीं ते राज्य करीत होते असें तिच्या आरंभीं म्हटलें आहे. इस्राएलांत राजे होऊन गेलेले ज्याला ठाऊक आहेत त्यालाच असें लिहितां येईल. यित्झहाकी नांवाच्या एका टीकाकारानें ही यादी यहोशाफाट राजाच्या काळीं लिहिली गेली असें स्पष्ट सांगितलें. त्याचें पुस्तक जाळण्याच्या योग्यतेचें आहे, असा शेरा इब्न एज्रानें मारला. स्वतः कोडें घालावें आणि दुसऱ्यानें उत्तर सांगितल्यास त्याचें पुस्तक जाळावें, ही रीत भीतीची कीं विनोदाची, हें ठरविणें कठिण आहे. आम्हांस तींत दोन्ही दिसतात.

पुढील तीन नांवें थोडक्यांत सांगून पुढें जाऊं, कारण त्यांनीं शंका मोठी केली, साधन नवें दिलें नाहीं. इंग्लंडांत हॉब्सनें १६५१ सालीं, ग्रंथांत जेथें मोशेनें लिहिलें असें म्हटलें आहे तेवढेंच मोशेचें मानावें, असा निवाडा दिला. स्पिनोझानें १६७० सालीं इब्न एज्राचें कोडें उघड सोडवून दाखविलें आणि ही पुस्तकें एज्रा शास्त्र्यानें रचलीं असावींत असें मत मांडलें. रिशार सिमों हा फ्रान्समधील कॅथलिक पाद्री. त्याचा १६७८ चा ग्रंथ बॉस्युए या धर्माधिकाऱ्याच्या खटपटीनें छापखान्यांतच पकडला जाऊन बहुतेक प्रती नष्ट झाल्या, व त्याला आपल्या संघांतून जावें लागलें. पुस्तक हॉलंडांत पुन्हा छापलें गेलें, हें सांगावयास नकोच.

नवें साधन दिलें तें एका वैद्यानें. झां आस्त्र्यूक हा पंधराव्या लुईच्या दरबाराचा वैद्य, गुप्तरोगांवरील ग्रंथामुळें प्रसिद्ध. १७५३ सालीं त्यानें एक निनांवी पुस्तक छापविलें. मुखपृष्ठावर ब्रसेल्सचें नांव होतें, छपाई पॅरिसची होती. त्याचा हेतु मोशेचें कर्तृत्व खोडण्याचा नसून राखण्याचा होता. मोशेच्या पूर्वींच्या शेंकडों वर्षांच्या गोष्टी मोशेस कशा कळल्या? त्याच्याजवळ जुने कागद असले पाहिजेत, आणि ते त्यानें स्तंभांत शेजारीं शेजारीं उतरून घेतले असले पाहिजेत, असा त्याचा तर्क. मग ते स्तंभ पुन्हा सुटे करण्यास तो बसला. खूण त्यानें देवाच्या नांवाची धरली: कांहीं भागांत देवास एलोहीम म्हटलें आहे, कांहींत यहोवा. हिल्डेसहाइमचा विटर नांवाचा एक पाद्री १७११ सालींच या खुणेपर्यंत पोंचला होता. पण त्याचें पुस्तक कोणीं वाचलें नाहीं, व ही गोष्ट विसाव्या शतकांत उजेडांत आली. जुनीं पुस्तकें चाळणाऱ्यांस असल्या गोष्टींचें नवल वाटणार नाहीं.

नांवाची खूण केवळ लहरीवर उभी नाहीं. निर्गमाच्या सहाव्या अध्यायांत देव मोशेस सांगतो कीं, अब्राहाम, इसहाक व याकोब यांस मी यहोवा या नांवानें प्रगट झालों नव्हतों. पण उत्पत्तींत अनोशाच्या काळापासूनच लोक यहोवाचें नांव घेऊं लागले असें आहे, आणि अब्राहामाशीं बोलतांना देव स्वतःस यहोवा म्हणवितो. ज्याच्या समजुतीप्रमाणें हें नांव मोशेस प्रथम कळलें, त्यानें पूर्वींच्या कथांत तें वापरलें नसणार. ज्यानें वापरलें तो दुसरा. हा पुरावा कोणत्याही कोर्टांत टिकेल असें आम्हांस वाटतें.

परंतु या पद्धतीचा खरा कस जलप्रलयाच्या कथेंत लागतो. उत्पत्तीचे सहा ते नऊ अध्याय वाचकांनीं एकदां पेन्सिल घेऊन वाचावे. एकदां देव नोहास सांगतो कीं, सर्व प्राण्यांचें एक एक जोडपें तारवांत घे. थोडें पुढें यहोवा सांगतो कीं, शुद्ध प्राणी सात सात घे, अशुद्ध दोन दोन. एके ठिकाणीं पाऊस चाळीस दिवस चाळीस रात्रीं पडतो. दुसरीकडे खालच्या महासागराचे झरे व आकाशाचीं दारें उघडतात आणि पाणी दीडशें दिवस चढतें राहतें. एका पदरांत नोहाच्या आयुष्याचें वर्ष, महिना व दिवस काटेकोर दिलेले आहेत, दुसऱ्यांत तिथि मुळींच नाहीं. तारवांत शिरण्याची हकीकत दोनदां येते. हे दोन पदर सोडवून वेगळे मांडले असतां प्रत्येक जवळजवळ संपूर्ण कथा म्हणून वाचतां येतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, प्रत्येकाचे भेद एकमेकांशीं जुळतात. यहोवाच्या पदरांत प्रलयानंतर नोहा वेदी बांधून शुद्ध प्राण्यांचा होम करितो. म्हणून तेथें सात सात हवेत, एकच जोडपें असतें तर होमाबरोबर ती जातच बुडाली असती. एलोहीमच्या पदरांत होम नाहीं. तो लिहिणारा अहरोनाच्या पूर्वीं कोणासही यज्ञ करूं देत नाहीं, म्हणून त्याला दोन पुरतात. केवळ नांवाच्या फरकावरून केलेली फोड योगायोगानें इतकी सुसंगत निघणें संभवत नाहीं. येथें दोन हात आहेत, याविषयीं आम्हांस शंका उरलेली नाहीं.

मात्र हेंच हत्यार सर्वत्र सारखें चालत नाहीं. योसेफास भावांनीं विकल्याची कथा घ्या. रऊबेन त्यास वांचवूं पाहतो, यहूदाही पाहतो. व्यापारी एकदां इश्माएली आहेत, एकदां मिद्यानी. एका अध्यायाच्या शेवटीं मिद्यान्यांनीं त्यास मिसरांत विकलें, तर पुढें पोटीफरानें त्यास इश्माएल्यांपासून घेतलें. दोन हकीकती एकत्र झाल्या आहेत असें येथेंही वाटतें, पण सोडवूं गेल्यास धागे तुटतात. एकेका वचनाचे तीन तीन तुकडे करावे लागतात, व प्रत्येक पंडिताची वांटणी निराळी होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निरनिराळ्या रंगांत छापलेलीं पुस्तकें निघालीं, त्यांत अर्धें वाक्य एका रंगांत व अर्धें दुसऱ्यांत आहे. इतकी खात्री मजकूर देत नाहीं.

आतां पांचव्या पुस्तकाकडे वळूं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत हकीकत आहे कीं, योशीया राजाच्या अठराव्या वर्षीं, म्हणजे इ. स. पू. ६२२ च्या सुमारास, यरुशलेमच्या मंदिराची दुरुस्ती चालू असतां हिल्कीया याजकास नियमशास्त्राचें एक पुस्तक सांपडलें. चिटणीस शाफान यानें तें राजास वाचून दाखविलें. राजानें वस्त्रें फाडलीं, हुल्दा या स्त्रीस त्याविषयीं विचारून घेतलें, आणि मग यरुशलेमाबाहेरील सर्व वेद्या पाडविल्या. सांपडलेलें पुस्तक म्हणजे अनुवाद, हें जेरोमासारख्या प्राचीन ख्रिस्ती पंडितांस ठाऊकच होतें. डे वेट्टे या तरुण जर्मनानें १८०५ सालीं पुढचें पाऊल टाकिलें: पुस्तक नुसतें सांपडलें त्या सुमारास नव्हे, तर तयारही बहुधा त्याच सुमारास झालें. त्याचें प्रमाण भक्कम आहे. निर्गमांत कोठेंही मातीची वेदी करण्याची मोकळीक आहे. एलीया कर्मेल पर्वतावर वेदी बांधतो व त्यास कोणी दोष देत नाहीं. आणि अनुवादाच्या बाराव्या अध्यायांत मात्र देव निवडील त्या एकाच ठिकाणीं यज्ञ करावा अशी सक्त आज्ञा आहे. ती आज्ञा योशीयापूर्वीं सहसा पाळलेली दिसत नाहीं.

येथें अंतरंगपरीक्षेला बाहेरून साक्ष मिळाली. १९५५ सालीं निमरूद येथें असुरदेशाचा राजा एसरहद्दोन याच्या करारनाम्याच्या विटा सांपडल्या, त्यांवर इ. स. पू. ६७२ चें साल आहे. मांडलिकांनीं युवराजाशीं निष्ठा ठेवावी, कोणी फितुरीची गोष्ट बोलला, मग तो सख्खा भाऊ किंवा पुत्र असला तरी, कळवावें, व न पाळल्यास अमुक शाप लागोत, अशी ती कलमें आहेत. अनुवादाच्या १३ व्या अध्यायांत हीच कलमें देवाच्या बाबतींत आहेत, आणि २८ व्या अध्यायांतील शापांचा एक गट त्या करारनाम्याशीं क्रमानें देखील पुष्कळ जुळतो. यहूदाचे राजे त्या काळीं असुरांचे मांडलिक होते. एका करारनाम्याची भाषा दुसऱ्यांत उतरावी याला पन्नास वर्षांचा हा काळ अगदीं बेताचा आहे. डे वेट्टेचा तर्क अशा रीतीनें दीडशें वर्षांनीं पुष्कळ अंशीं खरा ठरला.

सांपडलेल्या पुस्तकांची गोष्ट निघाली आहे तर शापिराची हकीकत संग्राहक वाचकांसाठीं सांगितली पाहिजे. मोझेस विल्हेल्म शापिरा हा यरुशलेमचा जुन्या वस्तूंचा व्यापारी. १८८३ सालीं त्यानें कातड्याच्या पट्ट्या लंडनास आणिल्या. मृतसमुद्राच्या पूर्वेकडील गुहेंत अरबांस सांपडल्या असें तो सांगे. अक्षर जुनें मवाबी वळणाचें, मजकूर अनुवादाचा, पण प्रचलित पाठाहून निराळा. किंमत त्यानें दहा लक्ष पौंड मागितली. ब्रिटिश म्यूझियममध्यें गिन्सबर्ग त्या तपाशीत असतां फ्रेंच पंडित क्लेर्मों-गानो यानें त्या बनावट ठरविल्या: एखाद्या सेफर तोराची खालची कोरी किनार कापून त्यावर लिहिलें आहे, असें त्याचें म्हणणें. गिन्सबर्गचाही निकाल तोच झाला. शापिरानें पूर्वीं प्रशियाच्या सरकारास मवाबी म्हणून खोटीं मातीचीं भांडीं विकलेलीं होतीं. त्यामुळें त्याची बाजू ऐकण्यास कोणी उरलें नाहीं. मार्च १८८४ मध्यें त्यानें रॉटरडॅम येथें गोळी घालून घेतली. पट्ट्या १८८५ च्या लिलांवांत १० पौंड ५ शिलिंगांस गेल्या व मागाहून बेपत्ता झाल्या. कुमरानच्या गुहा सांपडल्यावर कांहींस वाटूं लागलें कीं निकाल घाईचा झाला. २०२१ सालीं इदान डेर्शोविट्झ यानें त्या अस्सल, किंबहुना अनुवादाच्याही पूर्वरूपाच्या होत्या असें प्रतिपादन केलें. बहुतेकांस तें पटलेलें नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, संशयित वस्तु देखील जपून ठेवावी. पट्ट्या आज असत्या तर वाद एका आठवड्यांत मिटला असता.

उरलेला भाग म्हणजे याजकांचे विधि, वंशावळी, तिथि, मापें यांनीं भरलेला मजकूर. जलप्रलयांतील एकेका जोडप्याचा पदर त्यापैकींच. पूर्वीं हाच सर्वांत जुना समजत. ग्राफ, क्युएनेन व विशेषतः वेलहाउझेन यांनीं १८६५ ते १८८३ च्या दरम्यान क्रम उलटा केला: यहोवाचा व एलोहीमचा असे दोन जुने कथाकार, मग अनुवाद, आणि सर्वांच्या शेवटीं, बाबिलच्या बंदिवासांतून परत आल्यावर, याजकांचा मजकूर. याचा परिणाम विद्यापीठापुरता राहिला नाहीं. वेलहाउझेननें १८८२ सालीं धर्मशास्त्राची जागा आपण होऊन सोडली. पाद्री तयार करण्यास आपण योग्य नाहीं असें त्यास वाटलें. स्कॉटलंडांत रॉबर्टसन स्मिथ यास १८८१ सालीं ॲबर्डीनच्या अध्यापकपदावरून काढलें. त्यापूर्वींच नाताळचा बिशप कोलेन्सो झुलू भाषेंत भाषांतर करीत असतां त्याच्या विल्यम न्गिडी या झुलू सहाय्यकानें प्रलयाविषयीं, हें सर्व खरें आहे काय, असें विचारिलें. कोलेन्सोनें पूर्वीं अंकगणिताचीं पुस्तकें लिहिलेलीं. त्यानें रानांतील सहा लक्ष पुरुषांचा हिशेब मांडून १८६२ सालीं प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षीं केपटाउनच्या बिशपानें त्यास पदच्युत केलें. १८६५ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें तो हुकूम रद्द ठरविला. रोमच्या बायबल मंडळानें १९०६ सालीं मोशेचें कर्तृत्व राखणारा निर्णय दिला. १९४३ नंतर तेथील धोरण मोकळें झालें.

वेलहाउझेनच्या क्रमाची बाहेरून परीक्षा करण्याजोगीं दोन साधनें निघालीं आहेत, व तीं परस्परविरुद्ध दिशांस ओढतात. मिसरांत एलेफंटाइन बेटावर यहुदी शिपायांची वसाहत होती; तिचे अरामी कागद इ. स. पू. पांचव्या शतकाचे आहेत. हे आमच्या अर्थानें खरेखुरे अस्सल कागद, तारीखवार. त्या लोकांनीं तेथें आपलें मंदिर बांधलें होतें, यज्ञ चालू होते, आणि मंदिर पाडलें गेल्यावर इ. स. पू. ४०७ सालीं यहूदाच्या सुभेदारास अर्ज करितांना, यरुशलेमच्या याजकांस आपण पूर्वीं लिहिलें होतें असें ते निःशंकपणें सांगतात. एकाच ठिकाणीं यज्ञ करावा या आज्ञेची त्यांस खबर नाहीं. पांच पुस्तकें तेव्हां सर्व यहुद्यांचा कायदा झालीं नव्हतीं, हें यावरून उघड आहे. उलट, १९७९ सालीं यरुशलेमच्या केतेफ हिन्नोम येथील थडग्यांत गाब्रिएल बर्काय यांस चांदीचे दोन लहान गुंडाळलेले ताईत मिळाले. त्यांवर गणनेच्या सहाव्या अध्यायांतील याजकांचा आशीर्वाद थोड्या फरकानें कोरलेला आहे. बहुतेक जाणते त्यांचा काळ इ. स. पू. ६०० च्या सुमाराचा धरितात. यावरून गणनेचें पुस्तक तेव्हां होतें असें सिद्ध होत नाहीं. पण याजकांच्या मजकुरांत बंदिवासापूर्वींचें जुनें द्रव्य आहे, हें नाकारण्याची सोय राहिली नाहीं.

या पद्धतीवर आक्षेप घेणारांत फ्लॉरेन्सचा व मागाहून यरुशलेमचा पंडित कास्सुतो हा सर्वांत जाणता. देवाचें नांव अर्थाप्रमाणें बदलतें, व पुनरुक्ति ही प्राचीन कथनाची रीतच आहे, असें त्यानें १९३४ व १९४१ च्या ग्रंथांत दाखविलें. १९७० नंतर खुद्द जर्मनींतच चार कागदांचा पक्ष ढिला झाला. रेंडटॉर्फ वगैरेंनीं संपूर्ण कथाकारांऐवजीं सुटे कथासमूह मानले. आक्षेपाचें सार हें कीं, दोन पूर्ण ग्रंथ घेऊन कोणी त्यांचीं वाक्यें वेणीसारखीं गुंफील, हें पंडितांच्या खोलीबाहेर कधीं घडलें आहे काय?

घडलें आहे, आणि येथेंच पोथ्यांचा उपयोग झाला. शोमरोनी लोकांजवळ या पांच पुस्तकांची निराळी परंपरा आहे. तिची प्रत पिएत्रो देल्ला व्हाल्ले या प्रवाशानें १६१६ सालीं दमास्कस येथें मिळविली. तींत निर्गमाच्या १८ व्या अध्यायांत, मोशेच्या सासऱ्यानें न्यायाधीश नेमण्याचा सल्ला दिल्याच्या हकीकतींत, अनुवादाच्या पहिल्या अध्यायांतील त्याच प्रसंगाचा मजकूर मध्येंच आणून बसविलेला आहे. जॉर्ज फूट मूर या अमेरिकन पंडितानें १८९० सालीं, दुसऱ्या शतकांत तातियान यानें चारही शुभवर्तमानें गुंफून केलेल्या एका ग्रंथाचा दाखला दिला. तेथें मूळ चारही ग्रंथ आपल्या हातांत असल्यामुळें गुंफण पाहतां येते. शोमरोन्यांचें तें कृत्य पंथापुरतें असेल, असें तेव्हां म्हणतां येत होतें. परंतु कुमरानच्या चौथ्या गुहेंत जुन्या हिब्रू लिपींतील निर्गमाची गुंडाळी निघाली, तींतही सासऱ्याच्या अध्यायांत तीच भर आहे. म्हणजे यहुदी लेखकच इ. स. पू. पहिल्या शतकापर्यंत अशा प्रती करीत होते.

आमच्या इकडील प्रतींचा या प्रश्नाशीं संबंध अगदीं थोडा आहे, आणि त्याचें कारण सांगण्यासारखें आहे. बुकॅनन यानें १८०६ च्या सुमारास कोचीनच्या यहुद्यांकडून तांबड्या रंगविलेल्या कातड्याची एक गुंडाळी मिळवून केंब्रिजला पाठविली. हिंदुस्थानांत राहिलेल्या प्रतींत अति प्राचीन पाठ मिळेल अशी त्या वेळीं आशा होती. येट्स यानें १८१२ सालीं छापलेल्या तुलनेंत छापील पाठाहून निघालेले फरक अत्यल्प व किरकोळ आहेत. मुंबईस जन्मलेले डेव्हिड सॉलोमन ससून यांनीं जमविलेल्या दहाव्या शतकाच्या पोथ्यांची गोष्टही तीच; त्यांपैकीं एक २०२३ सालीं तीन कोटी ऐशीं लक्ष डॉलरांस विकली गेली. या प्रती मोलाच्या खऱ्या, पण पाठ कायमचा बांधला गेल्यानंतरच्या. नक्कल जितकी चोख तितकी ती मूळ घडणीविषयीं मुकी असते.

आमचें मत असें. एकच कर्ता ही गोष्ट टिकत नाहीं. याजकांचा मजकूर व इतर कथा हा भेद पक्का आहे. अनुवादाचा गाभा इ. स. पू. सातव्या शतकाचा मानण्यास हरकत नाहीं. यहोवाचा व एलोहीमचा असे दोन स्वतंत्र जुने कथाकार होते, हें मात्र कांहीं ठिकाणीं संभवनीय, बहुतेक ठिकाणीं अप्रमाण. आणि ज्या संकलनकारानें हे धागे एकत्र केले, त्याचें नांव एज्रा असो वा दुसरें, त्याच्याकडे पंडितांनीं सर्वांत कमी लक्ष दिलें आहे. "दोन" आणि "सात" यांतील विरोध त्याला दिसला नसेल हें शक्य नाहीं. एकेक आंकडा खोडला असता तर काम भागलें असतें. त्यानें खोडला नाहीं. दोन्ही मजकूर त्याच्या वेळीं कोणाच्या ना कोणाच्या पूज्य पोथींत होते, व त्यांतील एक गाळण्याचा अधिकार आपल्यास आहे असें त्यास वाटलें नसावें. तो असा भिडस्त नसता तर आस्त्र्यूकास सोडविण्यास कांहींच उरलें नसतें.

पुढील पुरावा कोठून येईल हें सांगतां येत नाहीं. एन गेदी येथें १९७० सालीं जळून कोळसा झालेली एक गुंडाळी सांपडली; ती न उलगडतां, क्ष-किरणांच्या साह्यानें, २०१६ पर्यंत वाचण्यांत आली. ती लेवीयाची निघाली, आणि तिचा पाठ मध्ययुगीन पाठाशीं अक्षरशः जुळला. अशाच एखाद्या कोळशांत इ. स. पू. पांचव्या शतकाचा, जलप्रलयाचा एकच पदर असलेला चार ओळींचा तुकडा निघाला, तर वरीलपैकीं पुष्कळ भाग आम्हांस पुन्हा लिहावा लागेल.